कॉक्लिअर इम्प्लांट: मोठ्याने ओरडून काही उपयोग नाही, मंडळी

सोल्डरगन

गेल्या रविवारी भाचीचा चौथा वाढदिवस झाला. घरात पंचवीसेक माणसं. त्यातल्या निम्म्यांनी तिच्या कानाशी तोंड नेऊन "हॅपी बड्डे चिऊऽऽ" असं कोकलून घेतलं. तिसऱ्या की चौथ्या आत्याच्या वेळी चिऊने शांतपणे डोक्यावरची, इम्प्लांटच्या बाहेरच्या भागाची कॉइल ओढून काढली, लोखंडी कपाटाला चिकटवली (तिच्यात लोहचुंबक असतो) आणि केक खायला बसली. दुकान बंद. मला मनापासून हसू आलं, पण पाहुण्यांचं म्हणणं असं पडलं की "एवढं लाखांचं मशीन लावलंय, मग ऐकू का येत नाही हिला?"

धागा काढायचं कारण हेच. माझा धंदा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचा, कानाचा डॉक्टर नाही. पण दोन वर्षं बहिणीबरोबर मॅपिंगला (म्हणजे यंत्र चिऊच्या कानाला जुळवून घ्यायला) जातोय आणि या यंत्राने मला अक्षरशः वेड लावलंय.

आधी कान. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते, कॉक्लिआ. अडीच वेढे, उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर. तिच्यात लांबीभर एक पडदा पसरलेला. तारसप्तकातले, शिट्टीसारखे आवाज त्याला दाराशीच हलवतात, खर्जातले पार शंखाच्या टोकाशी. म्हणजे कुठली जागा हलली यावरून आवाज किती उंच ते ठरतं. (हे मोजून दाखवणाऱ्या बेकेशींना १९६१चं नोबेल मिळालं.) पडद्यावर केसपेशींच्या रांगा असतात. त्यातल्या आतल्या रांगेतल्या साधारण साडेतीन हजार पेशी हलण्याचं विजेत रूपांतर करतात आणि मागे वाट बघत असलेल्या तीसेक हजार तंतूंच्या नसेला देतात.

चिऊच्या केसपेशी जन्मापासूनच निकामी. नस मात्र ठणठणीत. श्रवणयंत्र म्हणजे ॲम्प्लिफायर. पण घरात बल्बच नसेल तर व्होल्टेज वाढवून उजेड कुठून पडणार? इम्प्लांट त्या पेशींना वळसा घालून थेट नसेला टोचतं.

टोचायला असतात बावीस प्लॅटिनमच्या कड्या. साडेतीन हजारांचं काम बावीस जणांनी करायचं. इथेच या यंत्राची खरी गंमत सुरू होते, कारण ते ऐकवण्यापेक्षा *फेकण्यात* हुशार आहे.

कानामागच्या प्रोसेसरमध्ये माइक असतो. आलेला आवाज सेकंदाला सोळाएक हजार वेळा मोजला जातो आणि १८८ ते ७९३८ हर्ट्झपर्यंतच्या बावीस पट्ट्यांत कापला जातो. खालचे पट्टे १२५ हर्ट्झचे, वर जाल तसे रुंद, शेवटचा हजारएक हर्ट्झचा. मग प्रत्येक पट्ट्यातली लाट नेमकी कशी वळवळली ते फेकून द्यायचं. ठेवायचं एवढंच, की या क्षणी या पट्ट्यात दम किती आहे. ज्यांनी मीडियम वेव्हवर मुंबई 'ब' ऐकत रेडिओ उघडून बघितलेत त्यांना डायोडचा डिटेक्टर आठवेल. तेच काम. लाटेचं गाणं टाकायचं, तिची बाह्यरेषा ठेवायची.

पुढे बावीसांपैकी ज्या आठ पट्ट्यांत सगळ्यात जास्त दम आहे तेवढेच निवडायचे. उरलेले चौदा या फेरीला गप्प. निवडलेल्या प्रत्येक पट्ट्यामागे एक कडी, तिच्यातून विजेचा एक ठोका. तेही पाळीपाळीने, एका वेळी एकच ठोका. ठोक्याची उंची पट्ट्यातल्या दमावर. अशा साधारण ९०० फेऱ्या सेकंदाला, म्हणजे ७२०० ठोके. ठोका कसला, तर पंचवीस मायक्रोसेकंद खाली आणि तेवढाच वर.

तो 'वर' कशासाठी हे कळल्यावर मी ऑडिओलॉजिस्ट मॅडमना टाळी द्यायचाच राहिलो होतो. एकाच दिशेने करंट देत राहिलात तर कानातल्या खारट पाण्यात प्लॅटिनम विरघळायला लागेल. आपल्याकडे भांड्याला मुलामा देतात तोच खेळ, पण भाचीच्या डोक्यात. म्हणून जेवढा भार आत घातला तेवढाच लगेच परत ओढून घ्यायचा. हिशेब शून्य.

आणि आतल्या भागात बॅटरी नाही! कातडीला छिद्रही नाही. बाहेरची कॉइल रेडिओलहरींतून वीज आणि हुकूम दोन्ही एकदम पाठवते. कॉइल काढली की आतलं यंत्र मेलेलं.

लिहीत बसलो तर रात्र जाईल. प्रश्न विचारा.

वात्रट

म्हणजे नावडतं माणूस बोलायला लागलं की कॉइल कपाटाला. ही सोय सर्वांना मिळावी अशी मागणी मी या धाग्यावरून करतो.

शंकेखोर

छान लिहिलंय, पण दोन गोष्टी.

एक, बावीस हा आकडा एका कंपनीच्या यंत्राचा. दुसरीकडे सोळा आहेत, तिसरीकडे बारा. आणि बारावाले बावीसवाल्यांपेक्षा निम्मंच ऐकतात असं अजिबात नाही.

दोन, मुळातली सगळ्यात अवघड पायरीच तुम्ही गाळलीत. चांगल्या कानाला कुजबुजीपासून विमानापर्यंत शंभराहून जास्त डेसिबलचा पल्ला झेपतो. नसेला थेट वीज दिली तर 'आत्ता कुठे ऐकू आलं' आणि 'बास, सहन होत नाही' यांच्यात अंतर उरतं दहा-वीस डेसिबलचं. एवढ्याशा फटीत अख्खं जग कोंबायचं आहे. त्यामुळे बोलण्याच्या सुमाराचा चाळीसेक डेसिबलचा तुकडा उचलायचा आणि लॉगच्या हिशेबाने दाबून बसवायचा. तुमच्या पाहुण्यांच्या कोकलण्याचं उत्तर खरं म्हणजे इथे आहे.

सोल्डरगन

@शंकेखोर, दोन्ही मान्य. दुसऱ्याबद्दल तर हात जोडतो, मूळ मुद्दाच राहिला की.

ती फट प्रत्येक माणसाची वेगळी, आणि एकाच माणसाच्या प्रत्येक कडीची वेगळी. मॅपिंग म्हणजे ती शोधणं. चिऊच्या हातात लाकडी ठोकळा देतात. 'टूक' ऐकू आलं की तो भांड्यात टाकायचा. मॅडम पडद्यावर करंट एकेक पायरी खाली आणतात, ही ठोकळा गालाला लावून टक लावून बसते. कधी काहीच वाजलेलं नसताना टाकते आणि आईकडे बघून डोळे मिचकावते. अशा बावीस कड्या, प्रत्येकीचा खालचा आकडा आणि वरचा आकडा.

म्हणून तुम्ही कितीही ओरडा, वरच्या आकड्यापलीकडे यंत्र करंट देणारच नाही. उलट ओरडताना माणूस स्वर ताणतो, व्यंजनं तेवढीच राहतात. "चिऊऽऽ" मधला 'ऊ' छतापर्यंत जातो आणि 'च' त्याच्याखाली चेंगरतो.

कानामात्रा

दुसऱ्या बाजूने लिहितो. मी स्वतः वापरतो. अडतिसाव्या वर्षापासून ऐकू येणं उतरत गेलं, सेहेचाळिसाव्या वर्षी पूर्ण बंद. ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी स्विच ऑन.

लोकांना वाटतं त्या दिवशी माणूस रडतो बिडतो. मला पहिल्यांदा ऐकू आल्या फक्त शिट्ट्या. बायको काहीतरी म्हणाली ते पक्ष्यांच्या पिंजऱ्यासारखं. मुलगा आणि मेहुणा यांचा आवाज एकच, तोही कार्टूनमधल्या उंदराचा. घरी येताना रिक्षात मी बायकोला लिहून दाखवलं की पैसे बुडाले.

चौथ्या दिवशी सकाळी एक कर्कश करकर ऐकू येऊ लागली. सगळ्या घरात शोधलं. शेवटी लक्षात आलं की मी पेपरचं पान उलटतोय. कागदाला आवाज असतो हेच विसरलो होतो. साधारण सहाव्या आठवड्यात बायकोचा आवाज बायकोचा झाला. यंत्र तेच होतं, डोकं बदललं.

उंदराच्या आवाजाचं कारण मला असं सांगितलं: कड्या बसवलेल्या तारांचा जुडगा शंखाच्या पार टोकापर्यंत जात नाही. त्यामुळे खर्जातला पट्टा अशा जागी वाजतो जिथे नसेला वरचे सूर ऐकायची सवय असते. मेंदू काही आठवड्यांत पाट्या बदलतो. लहान मुलांच्या पाट्या कोऱ्याच असतात, त्यांना ही भानगड नाही.

वात्रटराव, गणपतीत मिरवणूक दारात आली की मी कॉइल काढून पुस्तक वाचतो. जळा.

तंबोरा

बावीस कड्या, बावीस श्रुती! योगायोग म्हणायचा की काय?

गंमत सोडा, पण गाणं कसं ऐकू येतं हे कोणी सांगेल का? माझ्या क्लासला एका मुलीची आई चौकशी करून गेली, मुलीला इम्प्लांट आहे. मी काय उत्तर द्यावं कळेना.

सोल्डरगन

@तंबोरा, निव्वळ योगायोग. आणि योगायोगातही क्रूर थट्टा आहे. बावीस श्रुती एका सप्तकात, या बावीस कड्या मात्र साडेपाच सप्तकांना मिळून.

तुमच्या भाषेत हिशेब मांडतो. बाईंची पट्टी काळी चार धरू. सा साधारण २०८ हर्ट्झ. पंचम त्याच्या दीडपट, ३१२च्या आतबाहेर. आता यंत्राचा पहिला पट्टा बघा: १८८ ते ३१३. सा, रे, ग, म, प, पाचही सुरांचा पाया एकाच कडीवर! पुरुषाची पट्टी काळी एक असेल तर त्याचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झ, तो पहिल्या पट्ट्याच्याही खाली राहतो.

आता सूर म्हणजे फक्त पाया नाही, वरचे स्वरांश वेगवेगळ्या कड्यांवर पडतात, ठोक्यांच्या चढउतारातूनही थोडा अंदाज येतो, म्हणून अगदीच सपाट होत नाही. पण बारीक वळवळ आपण वर फेकून दिली ना? श्रुती नेमकी तिच्यात होती.

ताल मात्र शाबूत. बाह्यरेषा म्हणजे तालच की. चिऊ तबल्याच्या ठेक्याला डोकं हलवते ते तंतोतंत सम गाठून.

कानामात्रा

तंतोतंत. बहिरा होण्याआधी ऐकलेली गाणी मला आजही 'ऐकू' येतात, कारण निम्मं मी आठवणीतून भरतो. नवं गाणं लावलं तर कोणीतरी लयीत भांडी घासतंय. त्या मुलीला तबल्याला घ्या, किंवा नाचाला. गाणं शिकायचंच म्हणाली तर शिकवा, पण परीक्षेला बसवू नका.

शंकेखोर

आठच पट्ट्यांत भागतं कसं, असं अजून कोणी विचारलं नाही म्हणून मीच सांगतो. १९९५ मध्ये 'सायन्स'मध्ये शॅनन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आला. चांगल्या कानाच्या माणसांना बोलणं चार पट्ट्यांत कापून, लाट काढून टाकून, तिच्या जागी नुसती खरखर भरून ऐकवलं. शांत खोलीत लोकांना बहुतेक सगळं कळलं. बोलण्याला एवढं थोडं पुरतं. गोंगाटात आणि गाण्यात मात्र चार काय, बावीसही कमी पडतात.

तुमचा 'एका वेळी एकच ठोका' हा मुद्दाही खोलात जाण्यासारखा आहे. सुरुवातीला काही यंत्रांत सगळ्या तारांत एकदम करंट सोडत. पण कानातलं पाणी वीज वाहतं. शेजारच्या दोन तारांचे करंट एकमेकांत मिसळून नसेपर्यंत नुसता काला पोचायचा. ब्लेक विल्सन यांनी ठोके पाळीपाळीने द्यायची पद्धत १९९१ मध्ये 'नेचर'मध्ये मांडली आणि त्याच तारांवर लोक अचानक वाक्यं ओळखायला लागले.

त्याआधीचा मेलबर्नचा प्रोसेसर तर आवाजातून बोलणाऱ्याच्या गळ्याची कंपनं आणि स्वराचं एक शिखर एवढंच शोधून पाठवायचा. बोलण्यातलं महत्त्वाचं काय ते यंत्राने ठरवायचं! पुढे ती हुशारी सोडून सरळ पट्ट्यांतला दम पाठवायला लागले आणि निकाल सुधारले. मला इंजिनियर म्हणून ही गोष्ट फार आवडते.

गवतीचहा

रत्नागिरीहून वाचतेय, लेक साडेपाच वर्षांचा. मेलबर्नचं इम्प्लांट बनवणारे डॉक्टर ग्रेम क्लार्क यांची गोष्ट कोणी सांगितली नाही? त्यांना तारांचा जुडगा शंखाच्या वळणात सरकवता येईना. १९७७ मध्ये सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर बसले असताना त्यांनी एका शंखात गवताची काडी घालून बघितली. बुडाशी ताठ आणि टोकाशी लवचीक काडी सरसर आत गेली. १ ऑगस्ट १९७८ला मेलबर्नमध्ये त्यांचं पहिलं ऑपरेशन. वडिलांना कमी ऐकू यायचं म्हणून या वाटेला लागले म्हणे. मांडवीला गेलो की आमचा चिरंजीव प्रत्येक शंखात काडी घालून बघतो, मी ही गोष्ट सांगितल्यापासून.

बाकी कोकणात राहणाऱ्यांना एकच सांगणं: पावसाळ्यात रोज रात्री प्रोसेसर सिलिका जेलच्या डब्यात. एका जूनमध्ये आळस केला, माइकमध्ये ओल गेली आणि पोरगं आठवडाभर "आई, पाऊस पडतोय का?" विचारत होतं. बाहेर ऊन.

आणि रोज सकाळी सहा आवाज. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे कागद धरायचा आणि म्हणायचं: आ, ऊ, ई, श्श, स्स, म्म. खालपासून वरपर्यंतचे पट्टे यात तपासून होतात. 'स्स'ला मान हलली नाही तर आधी यंत्र बघायचं, पोराला रागवायचं नाही.

वात्रट

पिठल्याची गोष्ट पण येऊ द्या कोणीतरी. बॅटरीचा जनक व्होल्टा याने स्वतःच्या दोन्ही कानांत धातूच्या सळ्या घालून बॅटरी जोडली होती. डोक्यात दणका बसला आणि काहीतरी घट्ट रटरटल्यासारखा आवाज आला असं १८०० साली त्याने रॉयल सोसायटीला कळवलं. घरी करून बघू नये.

उंबरठा

कौतुक चाललंय त्यात मिठाचा खडा टाकायचा नाही, पण माझे आईवडील दोघेही कर्णबधिर, मी खुणांच्या भाषेत वाढले. गवतीचहाताई, रात्री डबा बंद झाला की तुमचा मुलगा बहिराच असतो. आंघोळीला, तापात, सेल संपल्यावर. त्या वेळी तुम्ही त्याच्याशी कसं बोलता? बऱ्याच ठिकाणी पालकांना "खुणा केल्यात तर बोलायचा नाही" अशी भीती घालतात.

गवतीचहा

उंबरठाताई, खडा नाही हो. आम्हालाही तेच सांगितलं होतं. पहिल्या वर्षी पाळलं. मग त्याला न्यूमोनिया झाला, यंत्र काढलेलं, आणि तो रात्रभर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही खुणा शिकायला लागलो. दुखतंय, पाणी, आई इथेच आहे. बोलणं काही थांबलं नाही त्याचं, आता तर थांबवावं लागतं.

सोल्डरगन

@उंबरठा, बहिणीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती तुम्हाला निरोप करणार आहे.

एक अनुभव इथेच नोंदवतो, पालकांच्या उपयोगी पडेल. मागच्या वर्षी भांडं पडलं, दार आपटलं की चिऊची एक पापणी फडफडायची. जिथे मॅपिंग करायचो तिथे दोनदा सांगितलं. "लहान मूल आहे, मिचकावतं डोळे." दहा मिनिटांत बाहेर. शेवटी दुसरीकडे गेलो. तिथल्या मॅडमनी एकेक कडी वेगळी वाजवत चेहऱ्याकडे बघितलं. मधल्या दोन कड्यांना करंट वर नेला की पापणी हलायची. चेहऱ्याची नस कॉक्लिआला अगदी खेटून जाते, करंट तिकडे गळत होता. त्या दोन बंद केल्या, त्यांचे पट्टे बाकीच्या वीसांत वाटून दिले. चार दिवस ती कुरकुरली, मग विसरली.

त्यानंतरच एक गंमत कानावर आली. आपल्या मराठीत 'च' दोन. 'चाक'मधला दातांशी, 'स'च्या शेजारचा, आणि 'चार'मधला टाळूशी, 'श'च्या शेजारचा. लिहायला एकच अक्षर, पण 'स'चा जोर वरच्या कड्यांवर, 'श'चा त्याखाली. म्हणजे लिहून-वाचून शिकणाऱ्याला हा भेद सापडणारच नाही, तो ऐकूनच यावा लागतो. ही पोरगी गाडीचा तुकडा घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, चार चाकं." दोन्ही च आपापल्या जागी.

शेवंती

मी बहुधा तुमच्या त्या आत्यांसारखीच एक. नणंदेच्या मुलीला मागच्या महिन्यात बसवलंय, पुढच्या रविवारी भेटायला जातेय. ओरडायचं नाही हे कळलं. मग करायचं काय?

सोल्डरगन

शेवंतीताई, हातभर अंतरावर समोर बसा, यंत्र ज्या बाजूला आहे त्या बाजूला थोडं. पंखा, टीव्ही, मिक्सर बंद करायला सांगा. नेहमीच्या आवाजात बोला, शब्द गिळू नका. तोंडावर पदर किंवा हात नको, ओठ दिसू द्या. एका वेळी एकाच माणसाने बोलायचं, हे बाकीच्या नातेवाइकांना सांगायचं काम तुमच्याकडे. महिनाच झालाय म्हणजे स्विच ऑन आत्ता कुठे झालं असेल, तिने वळून बघितलं नाही तर मनाला लावून घेऊ नका.

आणि कॉइल कपाटाला चिकटलेली दिसली तर बोलायला जाऊ नका. शेजारी बसून केक खा.